मासे धरायला शिकवणारा दुकानदार

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



अशा समारंभात व्यासपीठावरून हमखास ऐकू येणारी एक म्हण आहे. भुकेल्याला मासा दिलात तर त्याचा एक दिवस भागतो, मासे धरायला शिकवलेत तर त्याची जन्माची ददात मिटते. आज माझ्या आधीच्या वक्त्यांनीही ती सांगितली आणि आपण टाळ्या वाजवल्या. कोणी तिला चिनी म्हण म्हणतात, कोणी आणखी कुठली. इंग्रजीत तिचा एक जुना छापील उल्लेख १८८५ सालच्या एका कादंबरीत सापडतो आणि ती कादंबरी लिहिणाऱ्या बाई ॲन थॅकरे रिची या होत्या. ते काही असो. माझी तक्रार म्हणीबद्दल नाही. ती सांगणारे आम्ही लोक पुढच्याच वाक्यात वह्या-पुस्तकांच्या वाटपाकडे वळतो, आणि ‘शिकवणे’ म्हणजे नेमके काय करावयाचे हे सांगायचे राहून जाते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपण खाडीकाठची माणसे. मासे धरायला शिकवणे म्हणजे काय, हे ती म्हण रचणाऱ्यापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असायला हवे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना माझे मामू मला गरवायला नेत. भरतीचे पाणी चढू लागले की आम्ही धक्क्याच्या टोकाला जाऊन बसत असू. गळाला आमिष लावणे मी एका दिवसात शिकलो. शिसे बांधणे, दोरी फेकणे आठवड्यात जमले. परंतु दोरीला हिसका बसला की तो खेकडा कुरतडतो आहे, शेंगटी चाळा करते आहे की तांबोशीने आमिष गिळले आहे, हे काही मला उमगेना. मामू तोंडाने फार बोलत नसत. दोरी माझ्या बोटावरून खाली जाई आणि माझ्या बोटाच्या पुढे त्याच दोरीवर ते आपले बोट ठेवीत. हिसका दोघांनाही एकदमच कळे. मग ते नुसते “नाय, खेकडा” किंवा “आता ओढ” एवढेच म्हणत. असे किती दिवस गेले ते मला आठवत नाही. एक दिवस माझ्या लक्षात आले, की मामूंचे बोट दोरीवर नाही आणि मी ओढले ते बरोबर ओढले.

आज ज्या माणसाविषयी बोलायचे ठरवून मी आलो आहे, त्याने हेच काम पुस्तक लिहून केले. त्याचे नाव आयझॅक वॉल्टन. इंग्लंडचा राहणारा, सतराव्या शतकातला. मुसलमान संस्थेच्या समारंभात एका ख्रिस्ती दुकानदाराची आठवण कशाला, असे कोणाच्या मनात आले असेल तर मी एवढेच म्हणेन, की शहाणपण ही मोमिनाची हरवलेली वस्तू आहे, सापडेल तिथून उचलावी, असे आपल्याच घरांतील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत.

वॉल्टनचा जन्म १५९३ साली स्टॅफर्ड या गावी झाला. वडील खाणावळ आणि दारूचे दुकान चालवीत. मुलगा चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा ते वारले. आपल्या भाषेत सांगायचे तर मूल यतीम झाले. आईने दुसरे लग्न केले. विद्यापीठ वगैरे नशिबी नव्हतेच. मुलगा लंडनला आपल्या बहिणीच्या यजमानांच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. त्या काळी तिकडे कसब शिकायचे तर कोणा उस्तादाशी वर्षानुवर्षांचा करार करावा लागे. उमेदवारी पुरी झाल्यावर धंद्याची परवानगी मिळे. वॉल्टनला ती १६१८ साली मिळाली. तो लोखंडी मालाच्या व्यापाऱ्यांच्या संघाचा सभासद झाला, पण व्यापार मात्र कापडाचा केला. फ्लीट स्ट्रीट नावाच्या गजबजलेल्या रस्त्यावर त्याचे बस्तान होते.

त्या पेठेतल्या चर्चमध्ये जॉन डन हा थोर कवी आणि विद्वान धर्मोपदेशक होता. दुकानदार वॉल्टन त्याची प्रवचने ऐकायला जाई आणि त्यातून दोघांची मैत्री जडली. १६३१ साली डन वारला. त्याचे चरित्र सर हेन्री वॉटन नावाचा एक मोठा मुत्सद्दी लिहिणार होता आणि त्याच्यासाठी टाचणे गोळा करण्याचे काम वॉल्टनकडे होते. पण वॉटनही चरित्र न लिहिताच मरण पावला. प्रवचने तर छापायला तयार होती. तेव्हा या कापडवाल्याने स्वतः लेखणी उचलली आणि १६४० साली ते चरित्र लिहून दिले. पुढे त्याने आणखी चार चरित्रे लिहिली. इंग्रजी चरित्रलेखनाच्या इतिहासात त्या पाचांना मानाचे स्थान आहे. विद्यार्थी मित्रांनो, पदवीची निंदा करण्यासाठी मी हे सांगत नाही. पदवी घ्याच. ज्यांना ती मिळाली नाही अशा पालकांनी मात्र खाली मान घालून मागच्या रांगेत बसू नये, म्हणून सांगतो आहे.

त्याच्या घरचे दुःख फार मोठे होते. पहिल्या पत्नीपासून झालेली सातही मुले लहानपणीच गेली आणि १६४० मध्ये ती स्वतःही गेली. मग देशात यादवी युद्ध पेटले. १६४९ साली राजाचा शिरच्छेद झाला. वॉल्टन राजाच्या पक्षाचा, म्हणजे हरलेल्या बाजूचा होता. १६५१ मध्ये वुस्टरच्या लढाईत पराभूत होऊन राजपुत्र पळाला, तेव्हा त्याचे एक मौल्यवान रत्नपदक गुपचूप लंडनला पोहोचवण्याची जोखीम या साठीकडे झुकलेल्या व्यापाऱ्याने पत्करली आणि ते पदक बिनचूक पोहोचवले. असा तो माणूस होता. लोक एकमेकांच्या जिवावर उठले होते, त्याचे मित्र देशोधडीला लागले होते, आणि १६५३ साली, ज्या वर्षी क्रॉमवेलने पार्लमेंट मोडून काढले त्याच वर्षी, वॉल्टनने दीड शिलिंग किमतीचे एक छोटे पुस्तक बाजारात आणले. ‘द कम्प्लीट अँगलर’ हे त्याचे नाव. अँगलर म्हणजे गळाने मासे धरणारा. मुखपृष्ठावर लेखकाने आपले नावसुद्धा घातले नव्हते.

पुस्तकाची मांडणी अगदी साधी. मे महिन्यातील एका सकाळी लंडनच्या उत्तरेला टॉटनहॅमच्या चढावर रस्त्याने जाणारी माणसे एकमेकांना भेटतात. एक मासे धरणारा, दुसरा शिकारी. दुसऱ्या आवृत्तीत, १६५५ साली, त्यांच्यात ससाण्याने पाखरे धरणाऱ्या तिसऱ्याची भर पडली. आपापल्या छंदाची थोरवी गाताना शिकाऱ्याचे मन वळते आणि तो मासे धरणाऱ्याला गुरू करतो. पुढचे चार-पाच दिवस हे गुरुशिष्य ली नावाच्या नदीच्या काठाने हिंडतात. पाऊस आला की कुंपणाच्या आडोशाला उभे राहतात आणि तेवढ्या वेळातही धडा चालू राहतो. रात्री खेडेगावच्या खानावळीत मुक्काम पडतो. तिथे स्वच्छ चादरींना लव्हेंडरचा वास येत असतो. धरलेला मासा शिजवून खातात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा नदीवर जातात. मासा जास्त झाला तर गवळणीला किंवा गरिबाला देऊन टाकतात. त्या बदल्यात गवळण आणि तिची आई गाणी म्हणून दाखवतात.

पहिलाच धडा पाहा. गुरू शिष्याला झाडाच्या सावलीतल्या एका डोहाशी नेतो. पाण्याच्या वर चब जातीचे वीसएक मासे आलेले असतात. तो म्हणतो, मी यातला एकच धरीन, सर्वांत मोठा, तो पाहा शेपटीवर पांढरा ठिपका असलेला. मग काठी झाडाच्या आडून हळूच पुढे करतो आणि नेमका तोच मासा वर काढतो. आता चब हा काट्याचा, बेचव म्हणून लोकांनी नाक मुरडलेला मासा. गुरू त्याच माशाने सुरुवात करतो, आणि तो नीट साफ करून भाजला तर किती चांगला लागतो तेही शिष्याला खाऊ घालून दाखवतो. माझी नजर शिक्षकाची आहे, म्हणून मला यात एक गोष्ट दिसते. शिष्याच्या हाती काठी देण्याआधी त्याने काम पुरे करून दाखवले. मासा निवडण्यापासून तो पानात वाढण्यापर्यंत.

पुढचा प्रसंग मात्र मी वारंवार वाचला आहे. दोघे शेजारी शेजारी गळ टाकून बसले आहेत. गुरूला ट्राउटमागून ट्राउट मिळतो आहे, शिष्याला एकही नाही. गुरू आपली काठी त्याला देतो. तीच दोरी, तोच गळ, तेच आमिष, तरीही शिष्याच्या पदरी काही नाही. शेवटी तो कंटाळून म्हणतो, की माझे नशीबच खोटे. गुरू नशिबावर वाद घालत नाही. न्याहारीला जाता जाता तो एक गोष्ट सांगतो. एका उपदेशकाने दुसऱ्याचे गाजलेले प्रवचन मागून आणले आणि आपल्या गावी शब्दन्‌शब्द म्हणून दाखवले. लोक जांभया देत बसले. तो तक्रार घेऊन परत गेला, तेव्हा मूळ उपदेशक हसून म्हणाला, की मी तुम्हाला माझे वाद्य दिले होते, त्याचा गज दिला नव्हता. फिडल हे आपल्या सारंगीसारखे गजाने वाजवायचे वाद्य. वॉल्टनचा गुरू शिष्याला सांगतो, की माझी काठी म्हणजे ते वाद्य झाले, परंतु हात कसा धरावा, दोरी पाण्यात किती खोल सोडावी, हा जो गज आहे तो अजून तुझ्याकडे आलेला नाही. तो मला तुला द्यायचा आहे. आणि मग तो तो देत राहतो, पुस्तक संपेपर्यंत.

आता मला माझी एक चूक आपणासमोर सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी मी एका दुसऱ्या गावच्या शिष्यवृत्ती समितीवर होतो. खाडीपलीकडच्या वस्तीतला एक मुलगा नववीत होता. त्याला आम्ही फी दिली, सर्व पुस्तके दिली, कंपासपेटी दिली, गणवेशही दिला. वर्षाच्या शेवटी तो गणित आणि इंग्रजी या दोन्ही विषयांत नापास झाला. नियम असा होता, की नापास झाल्यास मदत बंद. त्याच्या नावापुढे तसा शेरा मी माझ्या हाताने लिहिला. त्याचे वडील भेटायला आले होते. त्यांनी भांडण केले नाही. “साहेब, पोराचं नशीब,” एवढेच म्हणाले आणि गेले. मला वाईट वाटले, पण नियमाप्रमाणे वागल्याचे समाधानही वाटले, हे मी लपवत नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी त्याच वस्तीत एका मयताला गेलो असता कळले, की त्या घरात मराठी वाचू शकणारे दुसरे कोणी नव्हते. इंग्रजीची तर बातच सोडा. पुस्तके पत्र्याच्या पेटीत जशीच्या तशी कोरी होती. मुलगा रात्री बापाबरोबर होडीवर जाई आणि दिवसा वर्गात पेंगत असे. आमच्या समितीत अकरा माणसे होती. त्यांतल्या चौघांचे घर त्या वस्तीपासून पायी वीस मिनिटांवर होते. वर्षभरात आमच्यापैकी एकाही माणसाने त्या मुलाची वही उघडून पाहिली नव्हती. मीही नाही. वॉल्टनच्या गुरूने ‘नशीब’ हा शब्द ऐकला आणि शिष्याच्या हाताकडे पाहिले. मी तोच शब्द ऐकला आणि फाइल बंद केली.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. हदीसच्या ग्रंथांत एका अन्सारी गृहस्थाची हकीकत आहे. तो हजरत पैगंबरांकडे (स.अ.) मदत मागायला आला. घरात काय आहे असे विचारल्यावर एक जाडेभरडे वस्त्र आणि पाण्याचा एक वाडगा एवढेच निघाले. ते दोन दिरहमांना विकले गेले. एका दिरहमाचे घरच्यांसाठी अन्न आणि दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणायला सांगितले. हकीकत आपण पुष्कळदा ऐकली आहे आणि भीक मागू नये हा तिचा बोधही आपल्याला पाठ आहे. पण मधला एक तपशील सांगणारा घाईत गाळतो. पाते आणल्यावर पैगंबरांनी (स.अ.) त्याला दांडा आपल्या हाताने बसवून दिला, आणि मगच त्याला लाकडे तोडायला पाठवले. पंधरा दिवसांनी तो माणूस दहा दिरहम कमावून परत आला. नुसते पाते हातात घेऊन कोणी लाकूड तोडू शकत नाही. आमच्या त्या मुलाला आम्ही पाते दिले होते.

असो. वॉल्टनकडे पुन्हा वळू. तो सर्वज्ञ होता असे मात्र समजू नका. त्याच्या पुस्तकात चुका भरपूर आहेत. जुन्या ग्रंथांवर विसंबून त्याने लिहून टाकले आहे, की पाइक नावाचा मासा पाण्यातल्या एका वनस्पतीपासून उत्पन्न होतो. त्याच्याच काळातल्या रिचर्ड फ्रँक नावाच्या एका पट्टीच्या मासेमाराने यावरून त्याची चांगलीच खरडपट्टी काढली. जिवंत बेडूक गळाला लावण्याची जी रीत त्याने वर्णिली आहे ती वाचवत नाही. कवी बायरनने पुढे त्याला क्रूर म्हटले आणि त्यात तथ्य आहे. जिवंत जनावराला निशाणा करून छळू नये, ही आपल्या दीनाचीही शिकवण आहे. ज्याचे चांगले घ्यावे त्याचे सगळेच गोड मानावे लागते असे थोडेच आहे?

तथापि एका बाबतीत मी त्याच्यापुढे मान लववतो. मासे धरण्याच्या अनेक रीती असतात. त्यांत पिसे आणि रेशीम यांची खोटी माशी बांधून ती पाण्यावर तरंगत सोडायची, ही रीत सर्वांत अवघड समजली जाते. वॉल्टनला ती फारशी येत नव्हती. पहिल्या आवृत्तीत त्याने तो भाग टॉमस बार्कर नावाच्या एका आचाऱ्याकडून घेतला आणि तसे मोकळेपणाने सांगितलेही. पुढे त्याची ओळख चार्ल्स कॉटन या तरुणाशी झाली. कॉटन वॉल्टनहून ३७ वर्षांनी लहान. डव्ह नावाच्या नदीकाठी त्याची वडिलोपार्जित जमीनजुमला होती. हा तरुण उधळ्या, कर्जबाजारी, सावकारांना चुकवून पळणारा असा होता. चार भले लोक आपल्या मुलांना ज्याच्यापासून दूर ठेवतील तसा. पण खोट्या माशीने ट्राउट धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वॉल्टनने त्याला मुलासारखे मानले. १६७४ साली कॉटनने नदीकाठी दगडाचे एक छोटे घर बांधले आणि दारावर दोघांच्या नावांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. ते घर आजही उभे आहे. १६७६ मध्ये पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघायची होती. वॉल्टन तेव्हा ८३ वर्षांचा, चार आवृत्त्या खपलेला, नावाजलेला लेखक. त्याने कॉटनला सांगितले, की हा भाग तू लिही. कॉटनने तो दहाएक दिवसांत लिहून काढला आणि वॉल्टनने तो आपल्या पुस्तकाचा दुसरा भाग म्हणून छापला.

पालकहो, आपल्यापैकी कित्येकजण मुलाने विचारलेले गणित आले नाही तर त्याच्यावर ओरडतात. मी ओरडलो आहे. आपल्याला येत नाही हे मुलाला कळू नये, म्हणून माणूस ओरडतो. वॉल्टनची वाट सोपी होती. मला हे येत नाही, शेजारच्या त्या पोराला येते, चल आपण त्याच्याकडे जाऊ. तो पोरगा उनाड का असेना. आपल्या मोहल्ल्यात दहावीला गणितात चांगले गुण मिळवून पुढे शिक्षण सोडलेली मुले आहेत की नाहीत? धक्क्यावर, गॅरेजात, दुकानात ती बसलेली दिसतात. आपण त्यांना वाया गेलेली म्हणतो. मुलींबद्दल तर बोलायलाच नको. किती मुली उत्तम गुणांनी पास होऊन घरी बसल्या आहेत, आणि त्यांच्याच शेजारच्या घरात पाचवीतले पोर इंग्रजीचे पुस्तक उलटे धरून बसले आहे!

वॉल्टन १५ डिसेंबर १६८३ रोजी विंचेस्टर येथे वारला, नव्वद वर्षांचा होऊन. दुसऱ्या पत्नीपासूनची एक मुलगी आणि एक मुलगा, अशी दोनच मुले मागे राहिली. तेथील कॅथीड्रलमध्ये त्याला पुरले आहे. १९१४ साली इंग्लंड-अमेरिकेतल्या गळ टाकणाऱ्या मंडळींनी वर्गणी काढून तिथे त्याच्या नावाची रंगीत काचेची खिडकी बसवली. त्या छोट्या पुस्तकाच्या आजवर शेकडो आवृत्त्या निघाल्या आहेत.

मला मात्र त्याच्या खिडकीपेक्षा त्याचे मृत्युपत्र महत्त्वाचे वाटते. आपल्या नव्वदाव्या वाढदिवसापासून त्याने ते स्वतःच्या हाताने लिहायला घेतले. स्टॅफर्डजवळ शॅलोफर्ड येथे त्याची थोडी शेती होती. मुलगा अविवाहित राहिला तर ती जमीन जन्मगावाला मिळावी, असे त्याने लिहून ठेवले. तसेच घडले आणि जमीन गावाकडे आली. तिच्या उत्पन्नाचे काय करावे याच्या सूचना वाचण्यासारख्या आहेत. दरसाल दहा पौंड दोन मुलांसाठी. मुले प्रामाणिक गरीब आईबापांची असावीत आणि त्या पैशांतून त्यांना कोणा कारागिराच्या किंवा व्यापाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला लावावे. पाच पौंड एका गरीब मुलीसाठी, एकाच घरी दीर्घकाळ चाकरी केलेल्या मोलकरणीला किंवा कोणा सज्जन गरिबाच्या मुलीला, तिच्या लग्नाच्या दिवशी. उरलेल्या पैशांचा दगडी कोळसा घेऊन तो गोरगरिबांना वाटावा, तोही जानेवारीच्या शेवटच्या किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, कारण गरिबाला थंडी सर्वांत जास्त त्याच दिवसांत बोचते असे त्याचे निरीक्षण होते. बिशपच्या वाड्यात म्हातारपण काढलेल्या माणसाला चूल कधी विझते ते आठवत होते. आणि उमेदवारीचे पाहा. स्वतः यतीम असताना कोणा उस्तादाच्या शेजारी बसायला मिळाले म्हणून तो उभा राहिला होता. मरताना त्याने दोन मुलांना तेच मिळेल अशी तजवीज केली. पैसा त्याने मुलांच्या हातावर ठेवायला सांगितला नाही, त्या पैशाने उस्ताद मिळवून द्यायला सांगितला.

आपली संस्था जकातीतून, देणग्यांतून फी भरते, पुस्तके देते. हे काम बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांना आधी कोळसाच हवा. माझी मागणी त्यापुढची आहे. आज इथे ज्यांना बक्षिसे मिळाली त्या मुलामुलींनी, ज्यांची शिक्षणे पुरी झाली त्या तरुणांनी आणि निवृत्त झालेल्या माझ्यासारख्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी, मगरिब आणि इशाच्या मधल्या वेळेत, दोन-दोन मुलांजवळ बसावे. व्याख्यान देऊ नये. दोरीवर आपले बोट ठेवून बसावे. जो विषय आपल्याला येत नाही तो येतो असे सांगू नये, दुसऱ्याकडे पाठवावे. आणि मूल नापास झाले तर दुसऱ्या वर्षी त्याच्याजवळ अधिक वेळ बसावे.

मुख्याध्यापकांशी मी याविषयी बोललो आहे. शाळेचे दोन वर्ग संध्याकाळी उघडे ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. मुलींसाठीचा वर्ग वेगळा असेल आणि तिथे शिक्षिका हजर राहतील. कार्यालयात, दाराच्या उजव्या हाताला, एक वही ठेवली आहे. तीत नाव, घर, आणि कोणता विषय येतो एवढेच लिहायचे आहे. शिकायचे असेल त्यांच्यासाठी मागच्या पानापासून सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर पहिले नाव मी माझे लिहिले आहे. इंग्रजी, आठवीपर्यंत. गणित मला येत नाही. त्यासाठी कोणीतरी हवे आहे.